ऐंशी ओलांडलेल्या कैद्यासाठी दयेचा अर्ज : डॉ. खलील चिश्ती प्रकरण

एप्रिल १९९२ मध्ये कराचीतले एक शास्त्रज्ञ आजारी आईला भेटायला अजमेरला आले. त्यांच्यावरचं बालंट पूर्णपणे संपून कायमचं घरी जायची मोकळीक मिळाली ती डिसेंबर २०१२ मध्ये. आले तेव्हा ते साठीच्या आसपास होते, सुटले तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती. मधल्या काळात ते जामिनावरचे आरोपी होते, जन्मठेपेचे शिक्षाबंदी होते, आणि काही महिने सर्वोच्च न्यायालयाला शब्द देऊन स्वतःच्या देशात गेलेले कैदीही होते.

म्हाताऱ्या कैद्यासाठी दया मागणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून अभ्यासायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दयेचा अर्ज होता. त्याच्या पाठीशी सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती होते, मानवी हक्कांसाठी आयुष्य घालवलेले कार्यकर्ते होते, शेजारच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. तरी माणूस सुटला तो दयेमुळे नव्हे. दयेचं दार ठोठावत बसलेल्यांसमोर न्यायालयाचं दार उघडलं, आणि त्या दारातून बाहेर पडताना त्यांच्या नावावर खून उरला नाही.

घटना आणि त्यानंतरची अठरा वर्षं

डॉ. मोहम्मद खलील चिश्ती मूळचे अजमेरचेच. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याची सेवा पिढ्यानपिढ्या करणाऱ्या खादिम घराण्यात त्यांचा जन्म झाला. फाळणीत ते पाकिस्तानात गेले, कराचीत स्थिरावले. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि विषाणुशास्त्रात नाव कमावलं. आई आणि बाकीचा गोतावळा मात्र अजमेरातच राहिला. फाळणीने असं दुभंगलेलं घर म्हणजे काय, हे मुंबईत आणि कोकणात अनेकांना सांगायला नको. कराचीत मामा-मावश्या असलेली कुटुंबं आपल्याकडेही आहेत, मराठी बोलणारी कुटुंबं कराचीतही होती.

१४ एप्रिल १९९२ रोजी अजमेरला त्यांच्या कुटुंबाचं आणि वैर असलेल्या दुसऱ्या गटाचं भांडण पेटलं. मारामारी झाली, गोळी चालली आणि समोरच्या गटातला एक जण मेला. खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पाहुणा म्हणून आलेले चिश्ती नातेवाइकांसोबत आरोपी झाले. पासपोर्ट जमा झाला. पुढे जामीन मिळाला, पण अजमेर सोडायची मुभा नव्हती.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण मेलेल्या माणसाला एका वाक्यात उरकतात, आणि ते मला खटकतं. त्या घरातला माणूस गेला होता. खटला रेंगाळला तो त्यांच्यासाठीही रेंगाळला. दयेची बाजू मांडताना मृताच्या घराचं नावही न घेणं हे माणुसकीला धरून नाही, शिवाय त्यामुळे अर्जही कच्चा पडतो. राज्यपालांच्या टेबलावरची फाइल वाचणारा अधिकारी पहिल्यांदा तेच विचारतो.

खटल्याचा निकाल लागला जानेवारी २०११ मध्ये. एका मारामारीचा, साक्षीदार हातात असलेल्या प्रकरणाचा निकाल लागायला अठरा वर्षांहून जास्त काळ गेला. सत्र न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप सुनावली आणि ऐंशीच्या घरातल्या चिश्तींना अजमेरच्या मध्यवर्ती तुरुंगात नेण्यात आलं.

त्या अठरा वर्षांचा हिशोब कायद्याच्या कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ प्रमाणे (आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६८) निकालाआधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. जामिनावरचे दिवस होत नाहीत. सामान्य आरोपीच्या बाबतीत ते योग्यच आहे, तो आपल्या घरी असतो, आपला उद्योग करतो. पण ज्याचं घर सीमेपलीकडे आहे, ज्याची बायकोमुलं व्हिसा मिळाला तरच भेटू शकतात, आणि तो व्हिसाही शहराशहराला वेगळा, पोलीस ठाण्यात हजेरी लावायला सांगणारा, त्याला अजमेरमध्ये अडकवून ठेवणं ही मोकळीक कशी म्हणायची? कराचीतली नोकरी, संशोधन, मुलांची लग्नकार्यं, सगळं त्यांच्याविना झालं. दयेच्या अर्जाची सर्वांत भक्कम बाजू मला इथे दिसते, आजारपणात नव्हे. शिक्षेच्या आधीच या माणसाने जन्मठेपेहून फारशी कमी नसलेली शिक्षा भोगलेली होती, आणि ती कुठल्याही न्यायाधीशाने दिलेली नव्हती.

अर्ज कोणाकडे आणि कशाच्या जोरावर

खून हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतला गुन्हा, घडला राजस्थानात. त्यामुळे संविधानाच्या अनुच्छेद १६१ खाली अर्ज करायचा तो राजस्थानच्या राज्यपालांकडे. राज्यपाल गुन्ह्याची क्षमा करू शकतात, शिक्षेत सूट देऊ शकतात, ती सौम्य करू शकतात किंवा थांबवू शकतात. मात्र हा त्यांचा वैयक्तिक दयाळूपणा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मारू राम खटल्यात स्पष्ट केलं की हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा आहे. म्हणजे सही राज्यपालांची, निर्णय सरकारचा.

त्याच निकालातली दुसरी गोष्ट वृद्ध कैद्यांसाठी फार महत्त्वाची आहे. खुनासारख्या, फाशीही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या कैद्याने किमान चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय त्याला सोडता येत नाही, असं सांगणारं कलम ४३३-अ फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ मध्ये आलं; नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४७५ झालं. पण ही अट संविधानाने दिलेल्या दयेच्या अधिकाराला बांधत नाही. तुरुंग खात्याच्या नियमांनी सुटायचं तर चिश्तींना नव्वदी पार करावी लागली असती. अनुच्छेद १६१ खाली मात्र दुसऱ्या दिवशीही सोडता आलं असतं. जिथे तिथे ‘चौदा वर्षं झाली का?’ एवढंच विचारून अर्ज परत करणारे कारकून मी पाहिले आहेत. दयेच्या अर्जाला तो प्रश्न लागू पडत नाही, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहून द्यावं.

त्या वेळी राजस्थानात अशोक गेहलोत यांचं सरकार होतं. राज्यपालपदाचा कार्यभार होता लातूरच्या शिवराज पाटील यांच्याकडे. ते पंजाबचे राज्यपाल होते आणि राजस्थान त्यांच्याकडे जादा होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या राजस्थान शाखेने, विशेषतः कविता श्रीवास्तव यांनी, हे प्रकरण हाती घेतलं आणि दयेसाठी पाठपुरावा सुरू केला. पाकिस्तानातून कुटुंबीय आणि तिथले शांततावादी पत्रकार लिहीत होते.

आणि मग न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी पत्र लिहिलं. ते तेव्हा सर्वोच्च न्यायालयात पदावर होते. मार्च २०११ मध्ये त्यांच्या आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांच्या खंडपीठासमोर गोपाल दास यांचं प्रकरण आलं होतं. हा भारतीय नागरिक १९८४ पासून पाकिस्तानच्या तुरुंगात होता. दुसऱ्या देशाला हुकूम देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मान्य करून खंडपीठाने पाकिस्तान सरकारला माणुसकीच्या नात्याने विनंती केली. पाकिस्तानने ती मानली, उरलेली शिक्षा माफ केली आणि एप्रिल २०११ मध्ये गोपाल दास वाघा ओलांडून घरी आले. त्यानंतर सीमेपलीकडून साहजिक प्रश्न आला: आमचा एक म्हातारा तुमच्याकडे आहे, त्याचं काय? काटजूंनी चिश्तींसाठी पंतप्रधान मनमोहन सिंग यांना पत्र लिहून दयेची विनंती केली.

पदावरच्या न्यायमूर्तींनी असं पत्र लिहावं का, यावर तेव्हा भुवया उंचावल्या. अपील प्रलंबित असताना सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींनी एका आरोपीची बाजू घेणं पद्धतीला धरून नाही, ही हरकत मला पटते. पण त्या पत्रामुळेच प्रकरण अजमेरच्या स्थानिक बातम्यांतून उठून देशभर पोहोचलं, हेही खरं. पद्धत मोडल्याचा दोष मी काटजूंच्या पदरात टाकेन, माणुसकीचं श्रेयही त्यांनाच देईन.

नानावटी प्रकरणाची सावली

अर्ज करतानाच एक कायदेशीर पेच होता, आणि तो मुंबईच्या एका गाजलेल्या खटल्यातून आलेला आहे.

११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदलाचे कमांडर नानावटी यांना खुनाबद्दल जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी आदेश काढून सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवली आणि नानावटींना नौदलाच्या ताब्यात ठेवायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६० मध्ये हे मान्य केलं नाही. प्रकरण न्यायालयाच्या हाती आहे तोवर शिक्षा थांबवायची की नाही हे न्यायालय ठरवेल, तेवढ्या काळात राज्यपालांचा तो अधिकार चालणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पूर्ण क्षमेचा अधिकार मात्र शाबूत राहिला. पुढे अपील फेटाळलं गेलं, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

चिश्तींच्या बाबतीत याचा अर्थ सरळ होता. त्यांनी जन्मठेपेविरुद्ध वर दाद मागितलेली होती. ‘अपील चालू द्या, तोवर म्हाताऱ्याला बाहेर ठेवा’ अशी मधली सोय राजभवनाकडून सुरक्षितपणे मिळण्यासारखी नव्हती. ती न्यायालयाकडूनच मिळायची. राजभवनाकडून मिळू शकत होती ती थेट क्षमा किंवा शिक्षेतली सूट. आणि क्षमा मागायची म्हणजे सरकारच्या नजरेत खून मान्य केल्यासारखं होतं. चिश्ती तर पहिल्यापासून म्हणत होते की खून मी केलेला नाही.

कुटुंबाने आणि कार्यकर्त्यांनी दोन्ही वाटा एकाच वेळी धरल्या. मला ते शंभर टक्के बरोबर वाटतं. कागदावर त्यात विसंगती दिसते, पण ऐंशी वर्षांच्या, चालता न येणाऱ्या, हृदयविकाराच्या माणसाला ‘आधी निर्दोष ठर, मग घरी जा’ हे सांगण्यात कसला आला तर्क! तुरुंगाच्या दवाखान्यातल्या खाटेवर त्यांचे दिवस जात होते. कोणती वाट आधी उघडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फाइल का हलली नाही

एक वर्ष गेलं, दया आली नाही. आतली टिपणं आपल्यापुढे नाहीत, म्हणून हेतूंवर बोलण्यात अर्थ नाही. पण परिस्थिती सगळ्यांसमोर होती.

२६ नोव्हेंबर २००८ ला जेमतेम अडीच-तीन वर्षं झाली होती. मुंबईच्या हल्ल्यात जिवंत पकडलेला पाकिस्तानी अतिरेकी आर्थर रोडला होता. अशा वातावरणात पाकिस्तानी नागरिकाला माफी देणाऱ्या कागदावर सही करणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं. एका वयोवृद्ध शास्त्रज्ञाचा आणि कसाबचा काडीचा संबंध नव्हता, दोन प्रकरणांत सोळा वर्षांचं अंतर होतं. तरी राष्ट्रीयत्वाचा रकाना दोघांच्या कागदांवर एकच होता. दयेच्या अर्जाचं हे फार मोठं दुबळेपण आहे. न्यायालयाला पुराव्यावर बोलावं लागतं. सरकारला लोक काय म्हणतील हेही पाहावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एपुरू सुधाकर निकालात बजावलं आहे की दया देताना जात, धर्म, राजकीय निष्ठा असे विचार मध्ये आले तर तो निर्णय रद्द होऊ शकतो. हा नियम दया देण्याच्या वेळी लागू आहे, तर दया न देण्याच्या वेळीही तो लागू असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण न दिलेल्या दयेविरुद्ध लढणं फार अवघड. फाइल पडून राहिली तर नाकारल्याचं कारणसुद्धा हाती लागत नाही.

आणखी एक अडचण होती. भारत आणि इतर काही देशांमध्ये शिक्षा झालेल्या कैद्यांना मायदेशी पाठवून उरलेली शिक्षा तिथे भोगू देण्याचे करार आहेत. त्यासाठी २००३ चा कायदाही आहे. पाकिस्तानशी अशी सोय नव्हती. दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, २००७ पासून दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समितीही होती. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावरच्या घरांना त्या याद्यांचं मोल माहीत आहे. त्यांची माणसं समुद्रात सीमा चुकल्यामुळे कराचीच्या तुरुंगात जातात. पण यादीत नाव येणं वेगळं आणि सुटका होणं वेगळं. शिवाय त्या सगळ्या यंत्रणेत ‘वय’ नावाचा निकष कुठेच निर्णायक नाही.

जामीन, रजा आणि परतणं

८ एप्रिल २०१२ रोजी पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष आसिफ अली झरदारी दिल्लीत मनमोहन सिंग यांच्याकडे जेवून अजमेरच्या दर्ग्यावर गेले. ९ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चिश्तींना जामीन दिला.

या दोन तारखा शेजारी ठेवून अनेकांनी निष्कर्ष काढले. जामिनाचा अर्ज न्यायालयात आधीपासून होता, वय आणि प्रकृती ही कारणं आदल्या वर्षीही तीच होती. दोन देशांमधली हवा जरा निवळली होती आणि त्याचा फायदा एका म्हाताऱ्याला झाला असेल, तर मला त्यात वाईट काही दिसत नाही. वाईट एवढंच की त्याच तुरुंगात, त्याच वयाचे, ज्यांच्यासाठी कुठलेच राष्ट्राध्यक्ष येणार नाहीत असे कैदी असतात.

तुरुंगातून बाहेर आले तरी चिश्ती अजमेरमध्येच अडकलेले होते. मग त्यांच्या वकिलांनी अशी मागणी केली की जी ऐकायलाच धाडसाची होती: अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्यांना कराचीला जाऊ द्या. खुनाबद्दल जन्मठेप झालेला परदेशी नागरिक आपल्याच देशात जाऊन बसला तर त्याला परत आणणार कोण? पाकिस्तानशी तशी व्यवस्था नाही. १० मे २०१२ रोजी न्यायमूर्ती पी. सदाशिवम यांच्या खंडपीठाने तरीही परवानगी दिली. पाच लाख रुपये न्यायालयात ठेवायचे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत परत यायचं, अशा अटी होत्या.

महाराष्ट्राच्या तुरुंगात कैद्याला संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) मिळते, १९५९ च्या नियमांप्रमाणे. त्या रजेवर जाणाऱ्या कैद्याचा जातमुचलका असतो, जामीनदार असतो, गावचं पोलीस ठाणं असतं, मुदत टळली तर नवा गुन्हा दाखल होतो. चिश्तींची सुटका तांत्रिकदृष्ट्या पॅरोल नव्हती, शिक्षा थांबवून दिलेली सवलत होती. पण पॅरोलचा गाभा तिच्यात शुद्ध स्वरूपात होता. मागे पोलीस नव्हते, गाव सीमेपलीकडे होतं. हाताशी होती एक रक्कम आणि एका माणसाचा शब्द.

ते परत आले. मुदतीत आले. वीस वर्षांनी स्वतःच्या घरात राहून, औषधपाणी घेऊन, नातवंडांत बसून, जन्मठेप वाट पाहत असलेल्या देशात पुन्हा आले. या संपूर्ण प्रकरणातली ही घटना मला सर्वांत मोठी वाटते. दयेच्या अर्जात आपण लिहितो की ‘कैद्याकडून समाजाला धोका नाही’. ते वाक्य शंभर अर्जांत असतं आणि कुणी वाचत नाही. परत येऊन चिश्तींनी ते सिद्ध करून दाखवलं.

ते परतले तो महिना कसा होता हेही लक्षात घ्यावं. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी पुण्यात येरवड्याला कसाबला फाशी झाली. त्याच दिवसांत एक पाकिस्तानी म्हातारा भारताच्या न्यायव्यवस्थेवर विश्वास टाकून तारखेची वाट पाहत होता.

१२ डिसेंबर २०१२

न्यायमूर्ती सदाशिवम आणि न्यायमूर्ती रंजन गोगोई यांच्या खंडपीठाने चिश्तींना खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. दंड संहितेच्या कलम ३२४ खालचा, म्हणजे धोकादायक हत्याराने किंवा साधनाने दुखापत करण्याचा गुन्हा मात्र कायम ठेवला, आणि तुरुंगात काढलेला काळ तेवढ्यासाठी पुरेसा धरला. त्यांना पासपोर्ट परत देऊन मायदेशी जाऊ द्यावं, असंही सांगितलं.

कलम ३२४ ला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची. तीन वर्षांच्या कमाल शिक्षेचा गुन्हा, आणि त्यापायी गेलेली वीस वर्षं.

आता दयेच्या अर्जाकडे पुन्हा पाहू. २०११ मध्ये राज्यपालांनी माफी दिली असती, तर चिश्ती माफी मिळालेले खुनी म्हणून कराचीला गेले असते. अपील कदाचित तिथेच विरलं असतं. सुटलेल्या माणसाचं अपील लढायला कोण उभं राहतं? दया उशिरा झाली, किंबहुना झालीच नाही, म्हणून त्यांच्या कपाळावरचा डाग पुसला गेला. यावरून कुणी म्हणेल की दया मिळाली नाही ते बरंच झालं. मी तसं अजिबात म्हणणार नाही. डिसेंबर २०१२ पर्यंत ते जगतील याची हमी कोणाकडे होती? अजमेरच्या तुरुंगातल्या खाटेवर त्यांचा अंत झाला असता तर अपील मागे उरलं असतं, माणूस नाही. मला आजचा निकाल ठाऊक असूनही २०११ मध्ये मी दयेच्या अर्जावर सही केली असती.

म्हणून अर्ज लिहिणाऱ्यांसाठी या प्रकरणातून मला जे दिसतं ते सांगतो. कैद्याचं अपील प्रलंबित असेल तर दयेच्या अर्जाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, जोर शिक्षा थांबवण्यावर आणि अपील लवकर सुनावणीला आणण्यावर द्यावा. वय हे सुनावणी पुढे घेण्याचं सबळ कारण आहे, आणि न्यायालयं ते ऐकतात. दयेच्या अर्जात ‘वृद्ध, आजारी’ एवढं लिहून भागत नाही. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचा ताजा दाखला हवा, कारण सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर टिपण लिहायला कुणी तयार होत नाही. खटला किती वर्षं चालला आणि त्यातली लांबण कोणामुळे झाली, याचा तारखांसह तक्ता हवा. जामिनावर किंवा रजेवर असताना कैदी प्रत्येक वेळी मुदतीत हजर झाला का, याची तुरुंगाकडची नोंद हवी. अभिवचन रजेवरून वेळेत परतलेल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत हाच सर्वांत वजनदार कागद असतो, आणि बहुतेक अर्जांत तो जोडलेलाच नसतो. बाहेर आल्यावर त्याला सांभाळणार कोण, त्या माणसाचं लेखी म्हणणं हवं. आणि मृताच्या किंवा जखमीच्या घराबद्दल किमान एक परिच्छेद, मनापासून लिहिलेला.

गुन्हा कबूल करायचा की नाही, हा प्रश्न नेहमी अडवतो. चिश्तींच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दा मला योग्य वाटतो: आम्ही न्यायालयात निर्दोष असल्याचं म्हणतच राहू, तुमच्याकडे मागतो आहोत ती वयाची आणि गेलेल्या काळाची दखल. दया मागणं म्हणजे कबुली देणं, असं संविधानात कुठेही लिहिलेलं नाही.

अपिलाची वाट संपलेली असते तेव्हा मात्र सगळं बदलतं. याच काटजूंनी काही महिन्यांतच, मार्च २०१३ मध्ये, मुंबईच्या झैबुन्निसा काझी यांच्यासाठी राष्ट्रपती आणि राज्यपालांकडे दयेची मागणी केली. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात हत्यारं ठेवून घेतल्याबद्दल त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २१ मार्च २०१३ रोजी कायम केली. त्यांचं वय सत्तरीचं होतं, प्रकृती खालावलेली होती, घटनेला वीस वर्षं उलटली होती. वयाचा आणि काळाचा युक्तिवाद जवळपास शब्दशः चिश्तींचाच. पण त्यांच्यासाठी आता कुठलंच खंडपीठ उरलं नव्हतं. एकच दार होतं, आणि ते उघडण्याआधी शरण येण्याची मुदत आली. मे २०१३ मध्ये झैबुन्निसा काझी तुरुंगात गेल्या.